युनियनचा झेंडा आणि सत्तेची खुर्ची : सेवाग्राम ते आर्वी

हिंगणघाटच्या कापूस बाजारात हंगाम सुरू झाला की गाड्यांची रांग लागते. काटा चालू होतो आणि हमालीच्या दरावरून दरवर्षीचा वादही चालू होतो. अशा वेळी आवाराच्या फाटकावर नव्या युनियनची पाटी लागली, तर आमच्या व्यापारी बांधवांच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? दर काय मागतात, हा नव्हे. सभासद किती, हाही नव्हे. पहिला प्रश्न असतो, "कोणाची आहे?" म्हणजे कोणत्या पक्षाची. आणि तो पक्ष मुंबईत किंवा दिल्लीत सत्तेवर असला, तर पुढची बोलणी वेगळ्या सुरात होतात.

हा प्रश्न बाजारात इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटत नाही. युनियन मजुराची असायला हवी, पक्षाची कशी असते? ही चाल आली कुठून? शोधायला निघाले तर फार लांब जावे लागत नाही. या देशातल्या दोन सर्वांत मोठ्या कामगार संघटनांची मुळे आपल्याच वर्धा जिल्ह्याच्या मातीत सापडतात. एकीचे सेवाग्रामच्या परिसरात, दुसरीचे आर्वीत. दोन्ही संघटनांचे सत्ताधारी पक्षाशी नाते राहिले, दोघींनीही त्या नात्याची किंमत मोजली, आणि त्या किमतीचा काही भाग आमच्या कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या खात्यावर पडला. म्हणून या पानावर हा विषय घेत आहोत.

युनियनचा चिटणीस मंत्री होतो

गांधीजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावला राहू लागले. तेच पुढे सेवाग्राम झाले. मजुरांच्या प्रश्नावरची त्यांची मते मात्र त्याआधीच, अहमदाबादेत तयार झाली होती. १९१८ च्या गिरणी संपात मजुरांनी ३५ टक्के वाढ मागितली, गांधीजींनी उपोषण केले, प्रकरण लवादाकडे गेले. १९२० मध्ये अनसूयाबेन साराभाई आणि शंकरलाल बँकर यांच्या साथीने तिथे मजूर महाजन उभे राहिले. मालक हा संपत्तीचा विश्वस्त, मजूर हा भागीदार, तंटा झाला तर आधी लवाद आणि संप अगदी शेवटी, अशी त्याची रीत होती. व्यापाऱ्याला हे ऐकायला गोड वाटते. पण अहमदाबादेतसुद्धा मजूर महाजनाचा जोर सूत खात्यात होता, तिथल्या दलित कामगारांत होता. माग खात्यात मुसलमान विणकर पुष्कळ होते, ते महाजनापासून बरेचसे दूरच राहिले आणि तिसाच्या दशकाच्या अखेरीस त्यांतले अनेक लाल बावट्याच्या युनियनकडे वळले. एकाच छताखाली दोन खाती आणि दोन कल, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वर्ध्याला गांधी सेवा संघाचे ठाणे होते. या संघाच्या वर्तुळातल्या मंडळींनी १९३८ च्या सुमारास हिंदुस्थान मजदूर सेवक संघ काढला. अहमदाबादची रीत देशभर न्यायची, हा त्याचा हेतू. याच सेवक संघाच्या पुढाकाराने ३ मे १९४७ रोजी दिल्लीत इंटक, म्हणजे राष्ट्रीय मजदूर काँग्रेस, स्थापन झाली. बैठकीला वल्लभभाई पटेल होते, उद्घाटन त्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष आचार्य कृपलानी यांनी केले, सरचिटणीस झाले अहमदाबादचे खंडूभाई देसाई. स्वातंत्र्याला साडेतीन महिने उरले होते. सत्ता येणार हे दिसत होते, आणि सत्ता येण्याआधी सत्तेची युनियन तयार झाली होती.

गुलझारीलाल नंदा यांचे उदाहरण घ्या. १९२२ पासून ते मजूर महाजनाचे चिटणीस. १९४६ मध्ये ते मुंबई सरकारात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. या कायद्याने 'प्रातिनिधिक युनियन' असा एक दर्जा निर्माण केला. एखाद्या भागातल्या एका धंद्यात ठराविक टक्के सभासद दाखवले की तो दर्जा मिळे, आणि मग मालकाशी बोलण्याचा हक्क तिचा एकटीचा. बाकी कामगारांनी दुसऱ्या कुणाच्या मागे जावे, पण करारावर सही तिचीच. सभासद मोजायचे ते वर्गणीच्या नोंदींवरून, कामगारांचे गुप्त मतदान घेऊन नव्हे. नंदांनी हे वाईट हेतूने केले असे आम्ही म्हणत नाही. पण चिटणिसाने मंत्री होऊन जो कायदा केला, त्याचा पहिला लाभ त्याच्याच घरच्या युनियनला झाला, हे खरे आहे. तेव्हा वर्धा मध्यप्रांतात होता. इथेही १९४७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचा वेगळा औद्योगिक तंटे निवारण कायदा आला. महाराष्ट्र झाल्यावर मुंबईचा कायदा विदर्भातही लागू झाला.

याला विरोध झाला नव्हता असे नाही. नऊ वर्षे आधी, १९३८ मध्ये, बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे बिल आणले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप झाला. त्यात कम्युनिस्ट होते आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्षही होता. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारे हे दोघे त्या दिवशी एका बाजूला उभे राहिले, कारण समोर सत्ताधारी पक्ष होता आणि तोच स्वतःला मजुरांचा कैवारी म्हणवत होता.

केंद्रातही तेच चित्र. खंडूभाई देसाई १९५४ मध्ये केंद्रीय मजूरमंत्री झाले, त्यांच्यामागून नंदा. उपमंत्री होते आबिद अली जाफरभाई, इंटकच्या उभारणीतले मुंबईचे कार्यकर्ते. मजूर खात्यात इतकी वर्षे बसलेला हा मुसलमान कामगार-पुढारी आज आमच्याच वाचकांपैकी किती जणांना आठवतो, कोण जाणे. खुर्ची मिळालेल्या प्रत्येकाने युनियन विसरली असेही नाही. व्ही. व्ही. गिरी रेल्वे कामगारांतून वर आलेले. बँक कर्मचाऱ्यांना लवादाने दिलेला निवाडा सरकारने बदलला, तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी मजूरमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हेच गिरी पुढे राष्ट्रपती झाले. खंडूभाई आले ते त्यांच्याच जागेवर.

गिरण्यांचे भोंगे

हिंगणघाट आणि पुलगाव ही आपल्या जिल्ह्यातली गिरण्यांची गावे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारातही होते. तिथे बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी, मोहतांची गिरणी, पुलगावात पुलगाव कॉटन मिल. भोंगा झाला की गाव जागे व्हायचे. गिरणीच्या पगारावर किराणा चालायचा, शिंप्याचे मशीन चालायचे, सायकल दुरुस्तीवाला आणि खाटीक चालायचा. आमच्या समाजातले अनेक जण गिरणीत होते आणि त्याहून अधिक जण गिरणीच्या फाटकाबाहेरच्या धंद्यात होते. पगार झाला की उधारीची वही कोरी व्हायची.

बन्सीलाल अबीरचंद गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेली. आता पाहा काय घडते. मालक सरकार, सरकार पक्षाचे, आणि मान्यताप्राप्त युनियनही त्याच पक्षाच्या घरातली. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच कुटुंबातली माणसे. अशा बोलणीत आवाज चढत नाही, हे खरे. पण जुनी यंत्रे बदला, कापूस वेळेवर घ्या, तोटा का होतो त्याचा हिशेब दाखवा, असे खडसावून विचारणाराही उरत नाही. सरकारी झालेल्या गिरण्या या देशात एकामागून एक आजारी पडल्या आणि बंद झाल्या. पुलगावची गिरणीही बंद पडली. त्याला कारणे अनेक आहेत. यंत्रमागाची स्पर्धा, पॉलिस्टर, व्यवस्थापन. सगळा दोष युनियनच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. पण आपल्या पक्षाच्या सरकारला अडचणीत आणायचे नाही ही सवय लागलेली युनियन वेळेवर ओरडत नाही, एवढे मात्र म्हणावेच लागेल.

या सवयीचा सर्वांत मोठा स्फोट मुंबईत झाला. राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही इंटकची युनियन तिथली प्रातिनिधिक. १९८१ च्या बोनस करारावरून कामगार भडकले आणि डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. सामंत स्वतः कधीकाळी इंटकच्याच वाटेने आलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्रिपदावरून गेले आणि बाबासाहेब भोसले आले. पगारवाढीबरोबर कामगारांची एक मोठी मागणी होती की मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, आमचा पुढारी आम्हाला निवडू द्या. सरकार बधले नाही. कायद्याने बोलायचे तर मिल मजदूर संघाशीच बोलायचे, आणि कामगार तर सामंतांच्या मागे. संप कुणी मागे घेतला नाही, तो विरत गेला.

या संपाने आमच्या समाजाचे काय झाले, हे कामगार चळवळीच्या पुस्तकांत एका ओळीत उरकले जाते. मदनपुऱ्याचे मोमीन विणकर मुंबईच्या गिरण्यांच्या माग खात्यात पिढ्यान्पिढ्या होते. त्यांच्यातल्या कित्येकांची नोकरी गेली. दुसरीकडे गिरणीमालकांनी संपाच्या काळात कापड बाहेरून विणून घेतले, ते भिवंडीच्या यंत्रमागावर. भिवंडीत माग वाढले, आमच्याच लोकांच्या मालकीचे माग वाढले. म्हणजे एका मोमीनाचा रोजगार गेला आणि दुसऱ्या मोमीनाचा माग रात्रपाळीत चालू लागला. पण भिवंडीच्या त्या मागावर बसणाऱ्या कामगाराला ना गिरणीचा पगार होता, ना भविष्यनिर्वाह निधी, ना युनियन. आमच्या व्यापारी वर्गाने त्या वर्षांत नफा मोजला. मजुराचे काय गेले ते कुणी मोजले नाही, आम्हीही नाही.

आर्वीचा माणूस

आता दुसरी संघटना. दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म १० नोव्हेंबर १९२० चा, आर्वीचा. ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक. पण युनियनचे काम ते शिकले इंटकमध्ये, १९५० च्या आसपास मध्यप्रदेशात. आणि २३ जुलै १९५५ रोजी भोपाळला त्यांनी भारतीय मजदूर संघ काढला. त्या दिवशी त्यांच्या पदरात एकही युनियन नव्हती, असे त्या संघटनेचे लोकच अभिमानाने सांगतात. सरकारी मोजणीत मात्र १९८९ च्या सभासद संख्येवर ही संघटना ३१ लाखांच्या पुढे जाऊन देशात पहिली ठरली. इंटक मागे पडली.

झेंडा भगवा, कामगार दिन १ मे नव्हे तर विश्वकर्मा जयंती, आणि नाळ संघाशी. आमच्या कारागिराच्या मनात त्यामुळे संकोच आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. कारखान्यात एकच युनियन असेल आणि ती हीच असेल, तर तो वर्गणी देतो आणि गप्प बसतो. पण मनात संकोच आहे म्हणून माणसाचे काम पाहायचेच नाही, हा व्यापाऱ्याचा धर्म नव्हे. ठेंगडींच्या कामात एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. युनियन पक्षाच्या दावणीला बांधायची नाही, असे ते सुरुवातीपासून म्हणत आले. म्हणणे सोपे. ते स्वतः १९६४ ते १९७६ राज्यसभेत जनसंघाचे खासदार होते, तेव्हा विरोधक हसत. खरी परीक्षा आली ती आपलेच लोक दिल्लीत सत्तेवर आल्यावर, १९९८ पासून.

आणि त्या परीक्षेत, आमच्या मते, ते उतरले. वाजपेयी सरकारने सार्वजनिक कारखाने विकायला काढले, कामगार कायदे सैल करायचे ठरवले, तेव्हा भारतीय मजदूर संघाने १६ एप्रिल २००१ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर मोठा मेळावा भरवला आणि अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांच्या धोरणावर ठेंगडींनी जाहीर कोरडे ओढले. १९९१ मध्ये नागपुरात त्यांनीच स्वदेशी जागरण मंचही सुरू केला होता, त्याचाही रोख आता घरच्याच सरकारकडे वळला. २००३ मध्ये देऊ केलेले पद्मभूषण त्यांनी घेतले नाही. १४ ऑक्टोबर २००४ रोजी ते पुण्यात वारले.

त्यांच्यामागे काय झाले? २८ फेब्रुवारी २०१२ आणि २०-२१ फेब्रुवारी २०१३ या दोन देशव्यापी संपांत एक दुर्मिळ दृश्य दिसले. केंद्रात काँग्रेसच्या आघाडीचे सरकार, आणि त्याच्याविरुद्ध इंटक, भारतीय मजदूर संघ, लाल बावटे, सारे एकत्र. इंटकने आपल्याच सरकारविरुद्ध संप केला हे विशेष. मग २०१४ मध्ये सरकार बदलले. २ सप्टेंबर २०१५ च्या संपातून भारतीय मजदूर संघ ऐन वेळी बाहेर पडला आणि त्यानंतरच्या देशव्यापी संपांतही तो नव्हता. ९ जुलै २०२५ च्या संपातही नाही. मात्र सगळेच सोडले असेही नाही. २०२० मध्ये आयुध कारखान्यांच्या कंपन्या करण्याचा निर्णय झाला, तेव्हा संरक्षण खात्यातल्या त्यांच्या महासंघाने इतरांबरोबर संपाची नोटीस दिली. विदर्भात अंबाझरी, भंडारा, चांदा असे हे कारखाने आहेत, तेव्हा हा विषय आपल्या दाराशीच होता. निर्णय बदलला नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या झाल्या, आणि त्याच वर्षी या खात्यात संपाला मनाई करणारा कायदाही आला.

बाहेरच्या जगात

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. ट्युनिशियाचे उदाहरण आमच्या वाचकांना जवळचे वाटेल. तिथला सर्वसाधारण कामगार संघ १९४६ मध्ये फरहात हशाद यांनी काढला. तो बुरगीबांच्या पक्षाबरोबर खांद्याला खांदा लावून फ्रेंचांशी लढला. हशाद यांची १९५२ मध्ये हत्या झाली. स्वातंत्र्यानंतर तोच पक्ष सत्ताधारी झाला आणि युनियन त्याचे एक खाते बनत चालली. पण ती पूर्ण विरघळली नाही. २६ जानेवारी १९७८ रोजी तिने सरकारविरुद्ध सार्वत्रिक संप पुकारला, रक्त सांडले, पुढारी हबीब आशूर तुरुंगात गेले. २०१५ चे शांततेचे नोबेल ज्या चार ट्युनिशियन संस्थांना मिळून दिले गेले, त्यांत ही युनियन होती आणि तिच्या शेजारी तिथली मालकांची संघटनाही होती. विलायतेत तर गोष्ट उलटी. तिथे १९०० मध्ये युनियनांनीच पुढाकार घेऊन मजूर पक्ष उभा केला. पक्षाने युनियन काढली की युनियनने पक्ष काढला, यावरून पुष्कळ फरक पडतो, कारण वर्गणीची पेटी कुणाच्या हातात राहते ते त्यावरून ठरते.

हमालीचा हिशेब

आता पुन्हा बाजारात येऊ. गिरणी गेली, पण हमाल आहे. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बंदरात आणि बाजारात डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांची युनियन बांधली, त्याचे ते फळ. अण्णासाहेब स्वतः काँग्रेसचे आमदार होते. सत्ताधारी पक्षात बसून मजुराच्या पदरात काही पाडता येते, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण, आणि आम्ही ते मोकळ्या मनाने मान्य करतो. ज्याला मालकच नाही, आज या दुकानात तर उद्या त्या गोदामात, अशा माणसाला भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस मिळण्याची सोय या कायद्याने केली. दुसरा रस्ता पुण्याच्या हमाल पंचायतीचा. बाबा आढावांनी ती कोणत्याही सत्ताधारी पक्षाच्या ओसरीवर नेऊन बसवली नाही, आणि तरी हमालांचे 'कष्टाची भाकर' उपाहारगृह चालवून दाखवले.

माथाडी मंडळाला व्यापारी मजुरीशिवाय वर लेव्ही भरतो. आमच्या अनेक बांधवांची तक्रार हीच, की लेव्ही भरायची आणि वर युनियनच्या नावाने येणाऱ्या टोळीलाही समजवायचे. ज्याचा पक्ष सत्तेवर, त्याच्या नावाची टोळी. ही तक्रार खोटी नाही. पण लेव्ही चुकवण्यासाठी हमालाला वहीबाहेर ठेवणारेही आमच्यातच आहेत, आणि अशा दुकानात पहिली टोळी घुसते, कारण तिथे दाखवायला कागद नसतो.

दरम्यान केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यातल्या दोन-तीन गोष्टी आमच्या वाचकांच्या कामाच्या आहेत. मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन आता एकटी वाटाघाट करणार. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल, तर किमान २० टक्के असणाऱ्यांची परिषद बसणार. संपाला १४ दिवसांची नोटीस. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी १०० नव्हे तर ३०० कामगारांपासून. आणि विजेवर चालणारा कारखाना आता १० ऐवजी २० कामगारांपासून 'कारखाना' धरला जाणार. लेथवाला, फर्निचरवाला, १५ माणसांचा शिलाई कारखाना यांना इन्स्पेक्टरचा ससेमिरा कमी झाला म्हणून बरे वाटेल. पण त्या पंधरा माणसांत आपलाच भाचा किंवा पुतण्या मशीनवर बसलेला असतो, आणि त्याचे बोट गेले तर विचारणारा कोण, हे मालकाने आजच ठरवून ठेवावे. भारतीय मजदूर संघाने संहितांचे एकंदरीत स्वागत केले, औद्योगिक संबंधांच्या संहितेवर त्याचे आक्षेप आहेत. इंटक आणि लाल बावटे पूर्ण विरोधात. कोण कुठे उभा आहे हे पाहिले की दिल्लीत कुणाचे सरकार आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

मस्टरवर ५१ टक्के मोजायचे तर आधी मस्टर हवे. बाजारातल्या हमालाचे एका मालकाकडे मस्टर नाही, घरी बसून काम करणाऱ्या कारागिराचेही नाही. त्यांच्यासाठी जे काही आहे ते माथाडी मंडळ आणि तशीच मंडळे. या मंडळावर मजुरांचे जेवढे प्रतिनिधी, तेवढेच मालकांचे, आणि काही सरकारचे. नेमणूक सगळ्यांची राज्य सरकार करते. म्हणून तिथेही सत्ताधारी पक्षाच्या जवळचा माणूस लवकर पोहोचतो. मालकांच्या बाजूच्या जागाही नुसत्या बसून मिळत नाहीत. व्यापारी संघटनेला नाव सुचवावे लागते, पत्र द्यावे लागते, त्याची पोच ठेवावी लागते. हिंगणघाट, वर्धा, आर्वी, पुलगाव इथल्या आमच्या किती व्यापारी बांधवांनी आजवर असे पत्र दिले आहे? ज्यांनी दिले असेल त्यांनी त्याची नक्कल आणि आलेले उत्तर आमच्याकडे पाठवावे, पुढच्या एखाद्या अंकात या पानावर त्याचा विचार करू.